पाचवा रकाना, सहावा रकाना

वासिली ग्रॉसमनच्या ‘लाइफ अँड फेट’ या कादंबरीत व्हिक्टर श्त्रूम नावाचा भौतिकशास्त्रज्ञ एक फॉर्म भरायला बसतो. संस्थेने सगळ्यांनाच दिलेला, लांबलचक, कंटाळवाणा फॉर्म. नाव, जन्मतारीख असं करत करत तो पाचव्या रकान्याशी येतो : राष्ट्रीयत्व. सोव्हिएत संघात राष्ट्रीयत्व म्हणजे नागरिकत्व नव्हे. रशियन, युक्रेनियन, तातार, ज्यू यांपैकी तुम्ही जन्माने कोण, हे तिथे लिहायचं. श्त्रूम लिहितो, ‘ज्यू’. युद्धाआधी हा शब्द लिहिताना त्याला काही वाटलं नव्हतं. आता त्या शब्दाला काहीतरी वेगळा आवाज यायला लागलाय, एवढंच त्याला जाणवतं.

मग सहावा रकाना येतो : सामाजिक मूळ. बाप कामगार होता, शेतकरी होता, की व्यापारी? हा प्रश्न श्त्रूमला आजवर रास्तच वाटत आलाय. कष्टकऱ्यांचं राज्य आहे म्हटल्यावर ते विचारणारच. पण पाचव्याच्या लगेच खाली सहावा वाचताना त्याच्या डोक्यात एक नकोसा विचार येतो. माणसाला त्याच्या रक्तावरून पारखणं जर्मनांना जितकं नैतिक वाटतं, तितकंच माणसाला त्याच्या बापाच्या धंद्यावरून पारखणं आपल्याला नैतिक वाटतं की काय?

(आपल्या शाळेच्या दाखल्यावरचा जातीचा रकाना इथे आठवतो. पण घाईने जोडू नका. आपल्याकडे तो रकाना पिचलेल्यांच्या हक्काचा पुरावाही आहे. गंमत म्हणजे, सोव्हिएत संघातही राष्ट्रीयत्वाची नोंद सुरुवातीला छोट्या समाजांना त्यांची भाषा, शाळा, नाटकं मिळावीत या धोरणाचाच भाग होती. रकाना तोच राहतो. फॉर्म कोणाच्या टेबलावर जातो, ते बदलतं.)

कादंबरी आठशेहून जास्त पानांची आहे. स्टालिनग्राड, जर्मन छळछावण्या, रशियन श्रमछावण्या, प्रयोगशाळा, स्वयंपाकघरं, पन्नासेक महत्त्वाची पात्रं. तरी मला विचाराल तर या पुस्तकाचं मर्म त्या दोन ओळींमध्ये आहे. डाव्या राजकारणात ज्यूद्वेष शिरला कसा, या प्रश्नावर ढिगाने लेखन झालंय. त्यातलं बरंचसं डाव्यांना ठोकण्यासाठी लिहिलेलं असतं, आणि उरलेलं डाव्यांना वाचवण्यासाठी. ग्रॉसमन दोन्ही करत नाही. त्याच्यासाठी हा घरातला प्रश्न होता.

स्टालिनग्राड हे नाव मराठी माणसाला परकं नाही. अण्णाभाऊ साठ्यांनी युद्धाच्या दिवसांतच ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. मुंबईतल्या कामगारांना व्होल्गाकाठच्या त्या शहराची लढाई आपली वाटली, ती अशा शाहिरीमुळे. आणि ती आपली वाटण्यात काही चूक नव्हती. हिटलरला तिथेच अडवलं गेलं. ग्रॉसमन त्या वेळी ‘क्रास्नाया झ्वेज्दा’ या लष्करी दैनिकाचा वार्ताहर म्हणून त्याच शहराच्या ढिगाऱ्यांत होता. सैनिक त्याचे रिपोर्ताज एकमेकांना वाचून दाखवत. पुढे १९६१ साली अण्णाभाऊ रशियाला गेले, परतून त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. त्याच वर्षी, १४ फेब्रुवारीला, केजीबीची माणसं मॉस्कोत ग्रॉसमनच्या घरी आली होती. त्यांनी लेखकाला अटक केली नाही, कादंबरीला केली. हस्तलिखितं नेली, टंकलिखित प्रती नेल्या, कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा नेल्या. पोवाड्यातलं स्टालिनग्राड आणि या कादंबरीतलं स्टालिनग्राड एकच आहे. दोन्ही खरी आहेत. डाव्या बाजूच्या मंडळींत माझी वर्षानुवर्षं उठबस आहे, आणि ही दोन्ही खरी आहेत असं एका दमात म्हणणारी माणसं मला तिथे फार भेटलेली नाहीत.

ग्रॉसमन १९०५ साली युक्रेनमधल्या बर्दिचेव गावात जन्मला. ज्यू वस्तीसाठीच ओळखलं जाणारं गाव. पण त्याचं घर रशियन बोलणारं, पुस्तकं वाचणारं. आई फ्रेंच शिकवायची. यिडिश ही त्याच्या घरची भाषा नव्हती. शिक्षणाने तो रसायनशास्त्राचा इंजिनिअर, डोन्बासच्या कोळसा खाणींत काम केलेला. १९३४ साली त्याची ‘बर्दिचेव शहरात’ ही कथा छापून आली आणि गॉर्कीचं लक्ष गेलं. यादवी युद्धाच्या काळात लाल सेनेची एक कमिसार बाई गरोदर राहते. तिला एका गरीब ज्यू कुटुंबाच्या घरात ठेवतात, ती तिथे बाळंत होते, आणि शेवटी बाळाला त्यांच्याकडे सोडून आघाडीवर जाते. ती जाते ते बरोबर की चूक, हे कथा सांगत नाही. याच कथेवर अलेक्झांडर अस्कोल्दोव्हने १९६७ मध्ये ‘कमिसार’ हा सिनेमा काढला. त्यात ज्यूंच्या पुढच्या कत्तलीची एक चाहूल त्याने घातली, आणि सिनेमा वीस वर्षं डब्यात राहिला.

त्या कथेतल्या ज्यू कुटुंबाला लाल सेना हवी असते, हे विसरता कामा नये. झारच्या राज्यात ज्यूंनी कुठे राहायचं याच्या हद्दी आखलेल्या होत्या. १९१७च्या क्रांतीने त्या पुसल्या. यादवी युद्धात जे पोग्रोम झाले, त्यांत हजारोंनी ज्यू मारले गेले. लाल सैनिकांचेही हात तिथे स्वच्छ नव्हते, पण बहुतेक कत्तली विरोधी फौजांनी आणि टोळ्यांनी केल्या. बोल्शेविक सरकारने जुलै १९१८ मध्ये ज्यूद्वेषाविरुद्ध फर्मान काढलं. १९१९ साली लेनिनने पोग्रोमांविरुद्धचं भाषण ग्रामोफोनच्या तबकडीवर मुद्रित करून घेतलं. सरकारी पैशावर यिडिश शाळा, यिडिश छापखाने, यिडिश रंगभूमी उभी राहिली. हिब्रू आणि धर्मशिक्षण मात्र त्याच हाताने दडपलं गेलं. तरी १९३५ साली मॉस्कोत सलोमन मिखोएल्स सरकारी ज्यू रंगमंचावर यिडिशमधून किंग लिअर उभा करत होता. त्याच वर्षी जर्मनीत न्यूरेंबर्गचे कायदे झाले. त्या काळातल्या ज्यू तरुणाने डावं का व्हावं, हे वेगळं समजवायची गरज पडत नाही.

जून १९४१ मध्ये जर्मन फौजा आत घुसल्या. ग्रॉसमनची आई बर्दिचेवमध्येच होती. तिला वेळेवर मॉस्कोला आणता आलं नाही. १५ सप्टेंबरला गावातल्या हजारो ज्यूंबरोबर तिलाही गोळ्या घातल्या. हे नक्की कळायला त्याला १९४४ साल उजाडलं, लाल सेनेने गाव परत घेतल्यावर.

तोवर सैन्याबरोबर पश्चिमेकडे सरकताना तो जे बघत होता, त्यावर त्याने ‘ज्यूंविना युक्रेन’ हा लेख लिहिला. त्याच्याच दैनिकाने तो घेतला नाही. १९४३च्या शेवटी तो यिडिश भाषांतरात छापला गेला, ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या ‘आइनिकाइट’ या पत्रात. म्हणजे रशियनमध्ये लिहिणाऱ्या, यिडिश न लिहिणाऱ्या लेखकाचं हे दुःख फक्त यिडिश वाचकांसाठी छापण्याजोगं ठरलं. १९४४ मध्ये ‘ट्रेब्लिंकाचा नरक’ आला, तो मात्र रशियनमध्ये. मृत्युछावणीच्या यंत्रणेचं ते जगातल्या पहिल्या तपशीलवार वर्णनांपैकी एक आहे.

ही समिती १९४२ साली सरकारनेच स्थापन केलेली. मिखोएल्स अध्यक्ष. १९४३ मध्ये तो आणि यिडिश कवी इत्झिक फेफर अमेरिकेत फिरून आले, न्यूयॉर्कच्या मैदानात हजारोंच्या सभा घेतल्या, लाल सेनेसाठी पैसे जमवले. आइनस्टाइनच्या सूचनेवरून एक ग्रंथ करायचं ठरलं. सोव्हिएत भूमीवर नाझींनी ज्यूंची कत्तल कशी केली, याच्या साक्षी, पत्रं, रोजनिश्या एकत्र करायच्या. इल्या एरेनबुर्ग आणि ग्रॉसमन यांनी तो ‘काळा ग्रंथ’ संपादित केला. जुळणी झाली होती. पण १९४७ साली प्रचार खात्याच्या प्रमुखाने कळवलं की, हे पुस्तक वाचून जर्मन फक्त ज्यूंना मारायलाच आले होते असा चुकीचा समज होईल. १९४८ मध्ये छपाईचे खिळेही मोडले गेले.

प्रचार प्रमुखाचं ते वाक्य नीट वाचलं तर त्यात द्वेष दिसत नाही. दिसतो तो समतेचा आग्रह. सगळेच मेले, मग एकालाच वेगळं का काढायचं? सरकारी अहवालांत ‘ज्यू’ शब्द खोडून ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ असं लिहिलं जायला लागलं होतंच. कीव्हजवळ बाबी यारच्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले गेले. हा आकडा मारणाऱ्यांनीच लिहून ठेवलेला आहे. तिथे सोव्हिएत सरकारने स्मारक उभारलं ते १९७६ साली, आणि त्यावर मेलेल्यांचा उल्लेख आहे सोव्हिएत नागरिक म्हणून. मारताना त्यांना ज्यू म्हणून निवडलं. मेल्यावर ते नुसते नागरिक झाले.

आता दुसरी बाजू बघा. जानेवारी १९४९ मध्ये ‘प्रावदा’ने नाट्यसमीक्षकांच्या एका ‘देशद्रोही’ गटावर हल्ला चढवला, आणि ‘मुळं नसलेले विश्वनागरिक’ हा शब्दप्रयोग घराघरांत पोचला. यातले बरेचसे समीक्षक ज्यू होते. काही जण रशियन टोपणनावाने लिहीत. वर्तमानपत्रांनी त्या टोपणनावापुढे कंसात त्यांचं खरं, ज्यू आडनाव छापायला सुरुवात केली. थडग्यावर जे नाव लिहायची बंदी होती, ते आरोपपत्रात आवर्जून लिहिलं जात होतं. दुःखात नाव पुसायचं आणि संशयात शोधून काढायचं! ज्यूद्वेषाचा हा डावा प्रकार मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण त्याला शिवी द्यावी लागत नाही. तो भाषा विश्वबंधुत्वाचीच वापरतो. फक्त ती कोणावर वापरायची, हे तो ठरवतो.

मिखोएल्सला जानेवारी १९४८ मध्ये मिन्स्कमध्ये ठार मारून अपघाताचा देखावा केला गेला, आणि वर सरकारी इतमामात त्याची अंत्ययात्रा निघाली. त्याच वर्षी समिती बंद झाली, यिडिश छापखाना बंद झाला. रंगभूमी पुढच्या वर्षी. १९५२च्या बंद खोलीतल्या खटल्यात पंधरा आरोपी होते. १२ ऑगस्टला तेरा जणांना गोळ्या घातल्या. त्यांत पाच यिडिश लेखक होते : पेरेत्झ मार्किश, डेव्हिड बर्गेलसन, डेव्हिड हॉफश्टेन, लेब क्वित्को आणि फेफर. क्वित्को मुलांसाठी कविता लिहायचा. त्याच्या कवितांच्या रशियन भाषांतरांवर सोव्हिएत मुलांच्या पिढ्या वाढल्या होत्या. मार्किशला लेनिन पदक मिळालेलं. फेफर तर गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता. त्यालाही सोडलं नाही. बर्गेलसनचा तो अडुसष्टावा वाढदिवस होता. लिना श्टेर्न ही शरीरशास्त्रज्ञ एकटी वाचली, हद्दपारीवर. हे सगळे सरकारशी निष्ठावान लोक होते. हिटलरने यिडिशचे वाचक मारले, आणि तिचे उरलेले मोठे लेखक त्यांच्या स्वतःच्या पक्षाने.

मग १३ जानेवारी १९५३ला डॉक्टरांच्या कटाची बातमी आली. आरोप असा की क्रेमलिनच्या डॉक्टरांनी, त्यातले बहुतेक ज्यू, नेत्यांना उपचाराच्या नावाखाली मारलं. त्या वेळी डॉक्टरांना कठोर शिक्षा मागणाऱ्या एका सामूहिक पत्रावर ‘प्रावदा’च्या कचेरीत नामवंत ज्यूंच्या सह्या घेतल्या जात होत्या. ग्रॉसमनने सही केली. पत्र छापलं गेलं नाही. ५ मार्चला स्टालिन मेला, एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टर सुटले. सही राहिली.

इथे कादंबरीकडे परत यायला हवं, कारण ग्रॉसमनने ती सही श्त्रूमच्या हाताने पुन्हा केली आहे. श्त्रूमच्या नव्या संशोधनावर त्याच्या संस्थेत टीका सुरू होते, त्याचे ज्यू सहकारी हळूहळू गळत जातात, आणि माफी मागायची म्हणून बोलावलेल्या सभेला तो जात नाही. सगळं गमवायची तयारी करून तो घरी बसतो, आणि त्या एकटेपणात त्याला विलक्षण हलकं वाटतं. मग अचानक स्टालिनचा फोन येतो. एका मिनिटात तो पुन्हा मोठा माणूस होतो. कालपर्यंत तोंड चुकवणारे आज हसून हात मिळवतात. आणि तेव्हा, सुखात असताना, त्याच्यापुढे एक पत्र ठेवलं जातं : परदेशी वर्तमानपत्रांना उत्तर म्हणून, निरपराध डॉक्टरांना खुनी ठरवणारं. तो सही करतो. भीतीपुढे न झुकलेला माणूस मायेपुढे झुकतो. आपल्यात घेतलंय, पेन पुढे केलंय, मोडता कसा घालायचा! साहित्यात भित्रेपणाची चित्रं पुष्कळ आहेत, पण इतकं अचूक चित्र मी दुसरं वाचलेलं नाही.

आता तक्रारी. या कादंबरीवरच्या लेखांत सगळ्यात जास्त सांगितला जातो तो प्रसंग वेगळाच आहे. जर्मन छावणीत मोस्तोव्स्कोय या जुन्या बोल्शेविकाला गेस्टापोचा लिस रात्री बोलावतो आणि म्हणतो की, आपण दोघं एकमेकांचे आरसे आहोत. शीतयुद्धाच्या काळात पश्चिमेतल्या अनेकांनी हेच कादंबरीचं सार म्हणून उचललं. मला हे वाचन आळशी वाटतं. बोलतोय कोण, ते तरी बघा! एक गेस्टापो अधिकारी, ज्याला समोरच्या म्हाताऱ्याला फोडायचंय. ग्रॉसमनने हा विचार मुद्दाम लबाड तोंडात घातलाय, आणि मोस्तोव्स्कोयच्या मनात शंकेची ठिणगी पडते तेवढीच ठेवली आहे. श्त्रूमच्या फॉर्ममध्ये तोच प्रश्न एक सरळ माणूस स्वतःला विचारतो, म्हणून तो जास्त लागतो. ज्यूद्वेषाचे प्रकार सांगणारं जे प्रकरण मध्येच येतं, तेही मला जड वाटतं. मासिकातला लेख चुकून कादंबरीत शिरल्यासारखं. ज्यूंवर समाज जे आरोप करतो ते त्या समाजाचे स्वतःचेच दोष असतात, हा त्यातला विचार चमकदार आहे. पण कादंबरीने तो आधीच दाखवलेला असतो.

सोफ्या ओसिपोव्नाबद्दल मात्र माझी तक्रार नाही, जरी अनेकांची आहे. ही सैन्यातली डॉक्टर, पोक्त, एकटी, जराशी तिरकस बोलणारी बाई. छावणीत उतरल्यावर डॉक्टरांना वेगळं व्हायला सांगतात, आणि ती रांगेतून बाहेर येत नाही, कारण दाविद नावाच्या एका अनोळखी मुलाचा हात तिच्या हातात असतो. ग्रॉसमन त्यांच्यामागून विषारी वायूच्या खोलीत जातो. जिथून कोणी परत आलं नाही तिथे कादंबरीकाराने जावं का? हा आक्षेप मला कळतो. पण ज्या देशात या माणसांना ‘नागरिक’ या शब्दाखाली पुरलं जात होतं, तिथे दाराबाहेर सभ्यपणे थांबणं हेही एक प्रकारचं पुसणंच झालं असतं. त्याने त्या दोघांना शेवटपर्यंत नावाने हाक मारली आहे.

हे आज कशाला, असं कोणी विचारेल. इस्राएल सरकारवर बोललं की ‘ज्यूद्वेष्टे’ म्हणून तोंड बंद करायचं, हा डाव आपण रोज बघतो. गाझातली मेलेली मुलं मोजणाऱ्यावर तो आरोप करणं निर्लज्जपणा आहे. पण आरोप खोटा वापरला जातो म्हणून आजारच खोटा, असं म्हणणाऱ्या कॉम्रेडांशी माझं पटत नाही. १९४८ साली इस्राएलला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांत सोव्हिएत संघ होता. चेकोस्लोव्हाकियातून शस्त्रंही गेली. चारच वर्षांनी प्रागमध्ये स्लान्स्की खटल्यात चौदा आरोपी उभे केले, त्यातल्या अकरांच्या नावापुढे ज्यू वंशाचे असं नोंदवलं, आणि त्यांना झिओनिस्ट हस्तक ठरवलं. हे आयुष्यभराचे कम्युनिस्ट होते, बहुतेकांनी झिओनिझमला विरोधच केलेला. अकरा जणांना फाशी झाली. झिओनिस्ट हा शब्द तिथे कुठल्याही राजकारणाचं नाव उरला नव्हता. तो पाचव्या रकान्याचं सभ्य भाषांतर झाला होता. शब्द तसा वापरला जातोय की राजकारणासाठी, हे दर वेळी तपासता येतं. त्यासाठी बोलणारा कोणाच्या बाजूचा आहे हे बघून भागत नाही.

कादंबरी सोव्हिएत संघात छापली जायला दोन-तीनशे वर्षं लागतील, असं १९६२ साली पक्षाचा विचारप्रमुख सुस्लोव्हने ग्रॉसमनला सांगितलं. दोन वर्षांनी, १४ सप्टेंबर १९६४ला तो कर्करोगाने गेला. पण मित्रांकडे लपवलेल्या प्रती केजीबीला मिळाल्या नव्हत्या. त्यांची सूक्ष्मफिल्म देशाबाहेर गेली, १९८० साली लोझानमध्ये पुस्तक छापलं गेलं, आणि १९८८ साली मॉस्कोच्या एका मासिकातही. रॉबर्ट चँडलरचं इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. पात्रांच्या नावांनी गांगरलात तर पहिल्या भागातलं अठरावं प्रकरण आधी वाचा.

ते श्त्रूमच्या आईचं पत्र आहे, वस्तीभोवती तारेचं कुंपण पडल्यावर लिहिलेलं. आन्ना सेम्योनोव्ना डोळ्यांची डॉक्टर आहे. तिच्या खोलीची शेजारी आपसांत वाटणी करून टाकतात. ती बरोबर उशी, कप, चमचा, पुश्किन आणि मोपासां घेऊन वस्तीत जाते, एका मुलाला फ्रेंच शिकवते, कुंपणापाशी तिचा एक जुना रुग्ण खायला आणून देतो. आपण ज्यू आहोत हे आयुष्यभर तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आता या माणसांबद्दल तिला आईसारखी माया वाटते. एका क्रांतीवर विश्वास ठेवलेल्या सुशिक्षित बाईला तिची ओळख मारेकऱ्यांनी परत दिली, आणि तिने ती त्यांच्या हातून काढून घेऊन स्वतःची केली.

खऱ्या आयुष्यात बर्दिचेवहून असं पत्र आलं नाही. ग्रॉसमनने ते स्वतःच लिहिलं, आणि कादंबरी आईला अर्पण केली. तो गेल्यावर त्याच्या कागदांत एक पाकीट सापडलं. त्यात त्याने आईला लिहिलेली दोन पत्रं होती, एक १९५०चं, एक १९६१चं, आणि दोन फोटो. एकात आई आणि लहान वास्या. दुसरा एका मेलेल्या एसएस अधिकाऱ्याच्या खिशातून काढलेला : मोठ्या खड्ड्यात पडलेल्या, विवस्त्र, शेकडो बायका आणि मुली.